बापाचा रकाना

ते सापांना नावं देत नसत, आकडे देत. "नाव दिलं की लळा लागतो," म्हणायचे, "आणि लळा लागला की माणूस वजन लिहिताना चुकतो." फरीदाबादच्या त्यांच्या घरात तळमजल्यावर अठरा अजगर राहत होते आणि वरच्या मजल्यावर मी. पहिले दोन महिने त्यांनी मलाही नावानं हाक मारली नाही. "वरचे" म्हणायचे. "वरचे, जेवलात का?" पुढे कधीतरी 'तुम्ही'चा 'तू' झाला, आणि मी त्यांना काका म्हणू लागलो.

अजगर म्हटलं की लोक दचकतात. हे आपल्याकडचे नव्हेत. आफ्रिकेतली जात, हाताच्या मनगटाएवढी जाड, चारेक फूट लांब. घाबरला की डोकं आत घेऊन चेंडूसारखा गोळा होतो आणि कोणी कितीही हलवलं तरी उलगडत नाही. प्रत्येकाची सरकारदरबारी नोंद होती, आणि ते कागद काकांनी फ्रेम करून दिवाणखान्यात लावले होते. जिथं इतरांच्या घरी मुलांच्या पदवीदानाचे फोटो असतात तिथं.

काका मूळचे मिरजेचे. गिअर बनवणाऱ्या एका कारखान्यात तपासणी विभागात सगळी नोकरी गेली. निवृत्तीनंतर लोक बागकाम करतात, यांनी साप आणले. काकू पुण्याला मुलीकडे असत. "साप किंवा मी असं ती कधीच म्हणाली नाही," काका अभिमानानं सांगायचे. "फक्त पंधरा दिवसांसाठी म्हणून गेली ती आली नाही." रोज संध्याकाळी सातला त्यांचा काकूंना फोन असे. त्यात आधी तिच्या गुडघ्यांची चौकशी, मग इथल्या खोलीचं तापमान. काकू दोन्ही ऐकून घेत.

माझी बदली पुण्याहून ओखल्याच्या ऑफिसात झाली होती. वय एकेचाळीस, बायको आणि मुलगी मागे. इथल्या मराठी लोकांच्या गणपतीत आमची गाठ पडली. मी खोली शोधतोय म्हटल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "सापांची भीती वाटते?"

"नाही बहुतेक."

"बहुतेक हे उत्तर झालं नाही. पण या, खोली बघून घ्या."

त्या घरात खरी सत्ता एका वहीची होती. लांबट, लाल पुठ्ठ्याची. तारीख, वेळ, डबा, काय केलं, कोणी केलं, असे पाच रकाने. साप रॅकमधल्या प्लास्टिकच्या डब्यांत राहत, आणि डबा उघडणाऱ्यानं वहीत लिहिल्याशिवाय खोलीबाहेर पडायचं नाही असा नियम होता. पाण्याची वाटी बदलली तरी लिहायचं. डबा चुकून उघडला तरी लिहायचं, "चुकून उघडला." संध्याकाळी दिवे मालवण्याआधी काका वही पुढे धरत आणि विचारत, "काही लिहायचं राहिलंय का?" कोणी विसरलेलं असलं तर रागवत नसत. एवढंच सांगत, "उशिरा लिहिलंस तरी चालेल. पण तारीख लिहितोस त्या दिवसाची टाक. मागची टाकलीस तर ते खोटं झालं."

वहीच्या मागच्या बाजूला अंड्यांची पानं होती. तिथं दोनच मोठे रकाने, आई आणि बाप. आईचा आकडा शाईनं लिहिलेला असे, बापाचा पेन्सिलीनं. मी एकदा कारण विचारलं.

"अंडी कोणाच्या पोटातून आली हे मी डोळ्यांनी बघतो," ते म्हणाले. "बाप हा माझा अंदाज असतो. पिल्लं बाहेर आली, रंग जुळले, की मग शाई."

सापांनी टाकलेली कात ते फेकत नसत. प्रत्येकाची एक तरी कात आकडा घालून, पारदर्शक पाकिटात, फायलीत लावलेली. मेलेल्या सापांचीसुद्धा. दर रविवारी ती फाईल उन्हात धरून कसर लागली का ते तपासत. शेजारचे सरदारजी एकदा भिंतीवरून ओरडले, "ओ अंकलजी, एल्बम देख रहे हो?" काकांनी शांतपणे उत्तर दिलं, "हां जी, फॅमिली का."

त्या घरात आणखी एक माणूस होतं. कमलेश. मिरजेहून आलेल्या काकांना हे पुरुषाचं नाव वाटलं होतं म्हणे, आणि पहिल्या दिवशी दारात बाई बघून ते गोंधळले होते. बदरपूरकडून शेअर ऑटोनं यायची. चाळिशीची, किडकिडीत, सापांना न भिणारी. डबे धुणं, पाणी बदलणं, फरशी पुसणं ही तिची कामं. तिला लिहिता येत नसे, म्हणून तिच्या नोंदी काका लिहीत आणि ती शेवटच्या रकान्यात अंगठ्याच्या नखाएवढा एक गोल काढी. घरात दोन किल्ल्या होत्या. एक काकांकडे, एक तिच्याकडे.

काका तिच्याशी हिंदी बोलत, पण क्रियापदापर्यंत पोचता पोचता त्यांची मराठी होई. "कमलेश, वो सात नंबर का पाणी बदलून टाको." ती मान डोलावून बरोबर तेच करी. मी आणि काका मात्र तिच्यासमोर बिनदिक्कत मराठीत बोलत असू. त्या शहरात रोज माझ्याशी माझ्या भाषेत बोलणारा तो एकच माणूस होता, आणि दिवसभर ऑफिसात हिंदी-इंग्रजी ऐकून आल्यावर मला त्याची फार गरज वाटत असे. हे मी सबब म्हणून सांगत नाही. पुढे जे झालं त्यात याचा हात होता, म्हणून सांगतो.

सात नंबर ही काकांची लाडकी मादी. लळ्याच्या विरुद्ध एवढं बोलूनही. पांढरी, अंगावर पिवळे पट्टे, लाल डोळे. तिला जोड म्हणून त्यांनी तसाच पांढरा तीन नंबरचा नर सांभाळला होता. दोघंही पांढरे असले की पिल्लं झाडून सगळी पांढरी निघतात. यात अपवाद नाही, असं त्यांनी मला कागदावर चौकोन काढून समजावलं होतं. सातनं तोवर कधीच अंडी दिली नव्हती. तीन वर्षांपूर्वी त्यांनी तिला पाच नंबरच्या तपकिरी नराबरोबर ठेवून पाहिलं होतं. काही झालं नाही, आणि नंतर पाच मेला. आता सगळी भिस्त तीनवर होती.

नेमकं त्या थंडीत काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. काका तीन नंबरला सातच्या डब्यात सोडून पंधरा दिवस पुण्याला गेले आणि त्यांची किल्ली माझ्याकडे आली. चौथ्या दिवशी फोनवर मी सांगितलं, तीन सातकडे ढुंकूनही बघत नाहीये.

"त्याला हेवा वाटायला पाहिजे," काका म्हणाले. "दुसऱ्या नराचा वास आला की जागा होईल. बारा नंबरनं परवाच कात टाकलीय. ती कात सातच्या डब्यात टाक. एवढंच कर, जास्त शहाणपणा नको."

बारा हा तपकिरी नर. त्याची कात मला सापडली नाही. कमलेशनं ती आधीच पाकिटात घालून फायलीत लावली होती हे मला नंतर कळलं. तेव्हा तिला हाक मारून विचारायचाही मी कंटाळा केला. मला वाटलं, कातेपेक्षा खुद्द बाराचाच वास चांगला. मी तीनला बाहेर काढलं आणि बाराला सातच्या डब्यात सोडलं. दहा मिनिटांसाठी. तेवढ्यात ऑफिसचा व्हिडिओ कॉल आला, मी लॅपटॉप घेऊन वर गेलो, आणि खाली परत आलो तेव्हा दोन तास झाले होते.

दोघं डब्याच्या दोन टोकांना गप्प पडून होते. मी बाराला त्याच्या डब्यात टाकलं, तीनला सातकडे सोडलं. वही उघडली. वेळ लिहायला पेन टेकवलं, आणि नजर 'कोणी केलं' या रकान्यावर गेली. मी पेन बंद केलं. बाहेर पॅसेजमध्ये कमलेश फरशी पुसत होती, तिची पाठ माझ्याकडे होती. दुसऱ्याच दिवशी तीन आणि सात एकत्र गुंडाळलेले दिसले, आणि ते मात्र मी आनंदानं लिहिलं, सही केली.

काका पुण्याहून परतले, आणि एप्रिलमध्ये सातनं सात अंडी दिली. तेव्हापासून काका त्यांच्यापुढे बसून असत. बापाच्या रकान्यात पेन्सिलीनं तीन लिहिलेलं. जूनच्या उकाड्यात एका सकाळी पहिलं अंडं चिरलं आणि पांढरं डोकं बाहेर आलं. "ये, ये, खाली ये!" काका जिन्यातून ओरडले. मी दाढीचा फेस तसाच घेऊन खाली धावलो. दुसरं डोकं आलं. तपकिरी.

काकांना ते घाणीनं माखलेलं वाटलं. त्यांनी कापूस ओला करून हलकेच पुसलं. तपकिरीच होतं. दुपारपर्यंत सातही पिल्लं बाहेर आली. चार पांढरी, तीन तपकिरी.

काकांनी वही काढली, खोडरबर शोधलं आणि पेन्सिलीतला तीन पुसून टाकला. रबराचे कण फुंकले. मग कमलेशला हाक मारली.

"मैं पूना में था तब तुमने किसी को इधर का उधर किया?"

"नहीं, बाबूजी."

"दो चाबी है. एक तुम्हारे पास, एक इनके पास."

"मैंने नहीं किया."

काका माझ्याकडे वळले आणि मराठीत म्हणाले, "तू बाराला हात लावला होतास?"

मी म्हणालो, "नाही."

एक शब्द. मला वाटलं होतं ते आणखी काही विचारतील, मी गडबडेन, पकडला जाईन. पण त्यांनी विचारलंच नाही. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. कमलेशकडे वळून हात जोडले आणि म्हणाले, "कल से मत आना."

ती रडली नाही, भांडली नाही. पोछा पिळून दोरीवर वाळत घातला, चहाचा आपला पेला धुऊन खिडकीत पालथा ठेवला, किल्ली टेबलावर ठेवली आणि गेली. जाताना तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मी पिल्लांकडे बघत होतो.

तो पेला काकांनी उचलला नाही, मीही नाही. महिनाभर तो तसाच होता. मी स्वतःला समजावत होतो की तिला दुसरीकडे काम मिळेल, या शहरात कामाला काय कमी. मिळालंही. बदरपूरच्या एका पॅकिंगच्या कारखान्यात, दिवसभर उभं राहून.

काका मात्र तपासणी खात्यातले. संशयावर शाई वापरायची नाही हा त्यांचा जन्माचा नियम. पिल्लांनी पहिली कात टाकली तशी ती त्यांनी पाकिटात भरली. त्यांचे एक जुने स्नेही विद्यापीठात प्राण्यांच्या वंशपरीक्षेचं काम करत. कातेवरूनही बाप कळतो, असं त्यांनी सांगितलं होतं. पिल्लांच्या, सातच्या आणि सगळ्या नरांच्या काती त्यांच्याकडे गेल्या. मेलेल्या पाचचीसुद्धा.

"पाचची कशाला?" मी विचारलं.

"यादी अपुरी पाठवायची नाही."

ते पार्सल गेल्यापासून मला जेवण जाईना. बाराचं नाव येणार, मग काका विचार करणार, कमलेशला बारा कुठून सुचला? कात टाकायला तर मी याला सांगितलं होतं. रोज जिना उतरताना ठरवत होतो की आज सांगू. रोज संध्याकाळी ते वही पुढे करत, "काही लिहायचं राहिलंय का?" आणि मी म्हणे, "नाही, काका."

निकालाचा फोन आला तेव्हा आम्ही पोहे खात होतो. काकांनी फोन स्पीकरवर टाकला, हातात पेन्सिल घेतली.

"चार पिल्लं तीनची," स्नेही म्हणाले. "उरलेली तीन पाचची."

"पाचची नाही, बाराची म्हणायचंय तुला."

"बाराचा काही संबंध नाही. पाच."

"अरे, पाच मेलाय! अडीच वर्षं झाली."

"असेल. बाप तोच आहे. मादी नराचं बीज पोटात साठवून ठेवते, वेळ आली की वापरते. आणि एकाच वेळच्या अंड्यांना दोन बाप असू शकतात. तुझ्या सातनं दोन्ही केलंय."

फोन बंद झाला तरी काका फोनकडेच बघत होते. डोळे विस्फारलेले. "मेलेला बाप," ते म्हणाले. मग उठून सातच्या डब्यापाशी गेले, खाली बसले. "दर आठवड्याला वजन केलं मी हिचं. दर आठवड्याला. तिच्या पोटात ते होतं आणि मी नुसते ग्रॅम लिहीत बसलो."

मला काय वाटलं ते लिहायचं ठरवलंय, तर लिहितो. मला आनंद झाला. मोठा, हलका, लाज नसलेला आनंद. बारा बाप नव्हता, म्हणजे माझ्या हातून काही झालंच नव्हतं! मी जिन्यानं दोन-दोन पायऱ्या चढत वर गेलो. हे मला आज सगळ्यात जास्त टोचतं. मी जे नाकारलं होतं ते खरंच घडलं होतं. फक्त त्यातून काही निपजलं नव्हतं.

वर पोचतोय तोच खालून हाक आली. "कमलेशचं घर कुठंय माहितीय का तुला? चल."

बदरपूरच्या गल्लीत ती तिसऱ्या मजल्यावर राहत होती. कामावरून नुकतीच आली होती, पाय सुजलेले, टबात पाय बुडवून बसलेली. काका दारातच थांबले. सत्तरीच्या त्या माणसानं कमरेत वाकून हात जोडले.

"कमलेश, तुमने कुछ नहीं किया था. गलती मेरी थी. मैंने तीन साल पहले जो किया, वो मैं ही भूल गया."

ती गडबडून उठली, पाणी सांडलं. "अरे बाबूजी, ऐसे मत करो." मग तिनं काकांच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ. मी जिन्याचा कठडा धरून उभा होतो. ती एवढंच म्हणाली, "सोमवार से आऊँगी. पर अब गोला नहीं निकालूँगी. मुझे नाम लिखना सिखाओ."

आणि काकांनी शिकवलं. पहिल्या ओळीला त्यांना महिना लागला, कारण 'श'ची गाठ तिला जमेना. ते तिला रागवायचे, ती त्यांना. "बाबूजी, तुम्हारा वाला भी टेढ़ा है!"

वर्षभरानं बायको आणि मुलगी दिल्लीला आल्या आणि आम्ही मयूर विहारला फ्लॅट घेतला. तरी महिन्या-दोन महिन्यांनी मेट्रो बदलत मी फरीदाबादला जात असे. काका दारातच विचारत, "काय रे, काही लिहायचं राहिलंय का?" फोनवरही, आजारपणातही. मी हसायचो. मला वाटे, वयानुसार माणूस एकच वाक्य धरून बसतो. बायकोलाही मी त्यांची नक्कल करून दाखवली होती.

गेल्या थंडीत ते गेले. साप आधीच, सगळे कागद नीट करून, नोंदणी असलेल्या दुसऱ्या एका पाळणाऱ्याकडे त्यांनी सोपवले होते. दिवस झाल्यावर काकू घर आवरायला आल्या आणि मी मदतीला गेलो. तळमजल्यावर रिकाम्या रॅकसमोर कमलेश बसली होती. तिनं लाल पुठ्ठ्याची वही माझ्या हातात दिली.

"आपके लिए रखी है. बाबूजी बोले थे, भैया को ही देना."

पान दुमडून खूण केलेली होती. त्या थंडीतला दिवस. सकाळच्या आणि दुपारच्या नोंदींच्या मधे, हिरव्या शाईत, काकांच्या बारीक अक्षरात एक ओळ घुसवलेली होती. "नर १२ सातच्या डब्यात, सुमारे दोन तास." आणि कंसात, "नोंद उशिरा." पुढे तारीख. आम्ही बदरपूरला गेलो त्यानंतरच्या सोमवारची. 'कोणी केलं' हा रकाना कोरा होता.

मी तिथंच फरशीवर बसलो.

"उन्हें पता था?" मी विचारलं.

"जिस दिन काम पे लौटी, उसी दिन बताया. उन्होंने पूछा, मैं पूना में था तब क्या देखा था, सच बोल. पोछे की बाल्टी लेकर मैं दरवाज़े के सामने से निकली थी, भैया. सब देखा था."

"तो पहले क्यों नहीं बोलीं? जब उन्होंने निकाला, तब?"

ती माझ्याकडे, मी काहीतरी अगदीच बाळबोध विचारल्यासारखी बघत राहिली. "तुम दोनों अपनी बोली में बात कर रहे थे. उन्होंने कुछ पूछा, तुमने कहा, नाही. इतनी मराठी तो मुझे आती है. उसके बाद मेरी कौन सुनता?"



"मैंने बाबूजी को कहा, नाम डाल दो भैया का," ती पुढे म्हणाली. "बोले, मैं नहीं डालूँगा. जिसने किया, वो डालेगा. पूछता रहूँगा." मग तिनं विचारलं, "पूछते थे ना?"

चार वर्षं. दारात, फोनवर, आजारपणात. मी ज्याची नक्कल करून हसवत होतो ते वाक्य.

काकूंनी आतून विचारलं, "काय सापडलं का रे?" कमलेशनं रॅकच्या वरून पेन काढून दिलं. मी त्या कोऱ्या रकान्यात माझं नाव लिहिलं.

"पढ़ के सुनाओ," ती म्हणाली. "हिंदी में."

मी वाचलं. पूर्ण ओळ, माझ्या नावासकट. ती ऐकत होती, ओठ हलवत, जणू मनात ताडून बघत होती. वाचून झाल्यावर मी वही मिटायला लागलो तशी तिनं बोट पानावर ठेवलं.

"तारीख नहीं डाली," ती म्हणाली. "आज की डालो, भैया. उस दिन की नहीं."